भिंतभर ग्रहण

घर बघायला गेलो तेव्हा बाईंनी आमची जात विचारली नाही, मांसमच्छी खाता का ते विचारलं नाही, नवऱ्याचा पगारही विचारला नाही. सुरतेच्या कतारगामात बरेच दिवस घरं बघत फिरत होतो आणि हे तिन्ही प्रश्न दारातच यायचे, त्यामुळे उत्तरं तोंडपाठ झाली होती. बाई जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. आम्हा दोघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो. मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कुठल्या मशीनचा धागा तुटला ते आवाजावरून सांगेल, पण माणसानं अचानक काही विचारलं की त्याची दातखीळ बसते. मी फिरून फिरून वैतागले होते. म्हटलं, "मला नाही माहीत. आणि घर भाड्यानं घ्यायला ते माहीत असावं लागतं का?"

"नाही लागत," बाई म्हणाल्या. "पण तुझ्याआधी आले त्या सगळ्यांनी ठोकून दिलं. एकजण तर बँकेत साहेब आहे. पहिला मजला तुझा."

त्या दिवसापासून माझं नावच पहिला मजला पडलं. खालची खोली त्यांनी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करणाऱ्या बायकांना दिली होती, त्या सगळ्या मिळून तळमजला. बाई स्वतः दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. दिवसभर जिन्यातून हाक यायची. "तळमजला, मोटर बंद करा, टाकी भरली." "पहिला मजला, तुझं दूध उतू गेलं, मला इथं वास येतोय." दूध खरंच उतू गेलेलं असायचं, त्यामुळे रागावताही यायचं नाही.

बाईंच्या वरच्या ओठावर शिवणीची खूण होती. जन्मतः ओठ फाटलेला, लहानपणी कुठल्याशा सरकारी दवाखान्यात शिवलेला, आणि शिवणारा घाईत असावा. त्या ओठावर बाई रोज भडक लाल लिपस्टिक लावायच्या. सत्तरीला टेकलेली बाई, अंगावर सुती साडी, पायात रबरी चपला आणि ओठ लालभडक. कचऱ्याची गाडी शिट्टी मारत दारात उभी राहिली तरी आधी लिपस्टिक, मग कचरा. कोणी ओठाकडे टक लावलीच तर म्हणायच्या, "बघायचंय ना? मग जवळ येऊन नीट बघ." बघणाऱ्याची मान खाली जायची. मलाही पहिल्यांदा तो लाल रंग कसासाच वाटला होता. पुढे एकदा त्या तापानं पडल्या तेव्हा लिपस्टिकशिवाय पाहिलं, तर ते जास्त कसंसं वाटलं. मी त्यांची डबी शोधून उशाशी ठेवली.

त्या मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली, पण वर्ग काही सुटला नाही. शाळेत मुलाचं उत्तर चुकलं तर बाई त्याला मुकाट्यानं बसू द्यायच्या. बरोबर आलं की मात्र छळ सुरू. "परत सांग. मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे." चुकीची गोष्ट लोक न सांगता ओरडून बोलतात आणि बरोबर गोष्ट पुटपुटतात, असा त्यांचा जगावर कायमचा आरोप होता. एकदा गॅसवाला सिलिंडर लावता लावता म्हणाला की रबरी नळी जुनी झालीय, बदला. बाई लगेच म्हणाल्या, "बरोबर. मोठ्यानं सांग, मागच्या बाकापर्यंत." त्या बिचाऱ्यानं खरंच वळून पाहिलं. "पाछळ कोण छे, बेन?"

ग्रहणावर मात्र त्यांचा खास दात होता. ग्रहणाच्या दिवशी सोसायटीत सगळ्यांच्या खिडक्या बंद, माठात तुळशीची पानं, चुली थंड. आणि बाई दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून कांद्याची भजी खाणार. भज्यांचा वास उपाशी सोसायटीभर फिरायचा. नुसत्या खायच्या नाहीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारायच्या, "हवीत का?" देवळातल्या एका काकांनी एकदा खालून हात जोडले. म्हणाले, बेन, निदान आत बसून तरी खा. बाई म्हणाल्या, "आत बसून खाल्ली तर तुम्हाला वाटेल मी घाबरले."

शाळेतही हेच. एका ग्रहणाला त्यांनी मुलींचा अख्खा वर्ग मैदानात नेला, पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याचा कवडसा कागदावर पाडून दाखवला. दुसऱ्या दिवशी पालक चालून आले. मुख्याध्यापक सज्जन माणूस, त्यांनी हात टेकले, म्हणाले बाई, सभेत दोन शब्दांत माफी मागून टाका आणि विषय मिटवा. बाई सभेत उभ्या राहिल्या. "काल मी एकच वर्ग मैदानात नेला. बाकीचे वर्ग आत राहिले. त्याबद्दल मी सगळ्या पालकांची माफी मागते." आणि खाली बसल्या. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की पुढे पुढे मीच शेवटचं वाक्य म्हणायचे.

त्यांचा तो पहिला प्रश्न मला सलत राहिला होता. एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मीच विचारलं, "काहो बाई, दर अमावास्येला का नाही होत?" बाई तडक खाली गेल्या आणि तळमजल्यातून भरतकामाची लाकडी रिंग घेऊन आल्या. तिच्या दोन्ही कड्या सोडवल्या आणि एकीत एक घातली. एक आडवी धरली, दुसरी जराशी कलती.

"ही सूर्याची वाट, ही चंद्राची. दोन्ही वाटा एकावर एक असत्या तर दर अमावास्येला सूर्य झाकला गेला असता आणि दर पौर्णिमेला चंद्र. पण चंद्राची वाट कलती आहे. त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्याच्या जरा वरून जातो, नाहीतर खालून. हे बघ, दोन कड्या दोनच ठिकाणी एकमेकींना कापतात. चंद्र आणि सूर्य त्या जागेपाशी एकदम आले तरच सावली आपल्यावर."

"आणि चंद्रग्रहण?"

"तेव्हा मधे आपण. सूर्य एका बाजूला, चंद्र दुसऱ्या, आणि आपल्या पृथ्वीची सावली चंद्राच्या तोंडावर. सावली आपली आणि डाग म्हणे त्याला." हे बोलताना बाई इतक्या चिडल्या होत्या, जणू चंद्र त्यांच्या वर्गातला होता आणि त्याच्यावर कोणीतरी चोरीचा आळ घेतला होता. माझ्या साडीला चिमटा लावायचा राहिला, ती उडून शेजारच्या गच्चीवर गेली.

हे सगळं गमतीचं होतं, जोवर माझ्या पोटात काही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीत मला सातवा लागला होता. त्याच्या आधी एकदा राहिलं होतं आणि गेलं होतं. तेव्हा ग्रहण नव्हतं, काही नव्हतं, पण मी त्याच आठवड्यात बसनं सासरी धुळ्याला जाऊन आले होते. सासूबाई त्याबद्दल तोंडावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण या खेपेला बातमी कळल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आता बसमध्ये पाय ठेवू नको." मला जे समजायचं ते समजलं. म्हणून दिवाळीला आम्ही गावी गेलो नाही, सासूबाईच सुरतेला आल्या.

सासूबाई माझ्याशी मराठी बोलतात आणि राग आला, भीती वाटली की अहिराणीत जातात. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्या अहिराणीत गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. त्यामुळे पाडवा एक दिवस पुढे गेला होता आणि मधे एक कोरा दिवस राहिला होता. इकडे गुजराती लोक त्या कोऱ्या दिवसाला धोको म्हणतात. कारखाने बंद, बाजार बंद, कारागीर आपापल्या गावी. सगळ्या शहराला सुट्टी आणि मला कैद. कापायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, झोपायचं नाही. पश्चिमेच्या खोलीत दार लावून, मांडीवर नारळ घेऊन, ग्रहण सुटेपर्यंत जप करत बसायचं. पश्चिमेच्या खोलीत अशासाठी, की मागच्या बाजूची खोली उकाड्याची आणि तिथं पंखा बिघडलेला.

ही बातमी बाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"पहिला मजला, उद्या गच्चीवर ये. काळ्या फिल्मचे चष्मे आणलेत. तू आलीस तर तळमजल्यातल्या दोघी येतील, त्यांनाही दिवस गेलेत. तू नाही आलीस तर त्याही कोंडून घेतील."

मागून सासूबाई आल्याच होत्या. "बाई, तुम्ही शिकेल शेत, माले काय बी सांगा. पन हिले काही सांगू नका. पोट तिनं शे, नातवंड मनं शे."

"पाहुण्या," बाई म्हणाल्या, त्या सासूबाईंना पाहुण्या म्हणायच्या, "सावली पडून पोटातल्या मुलाला काही होत नसतं."

"मग तुमना ओठले काय व्हयनं?"

सासूबाईंनाच आपलं बोलणं लागलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. बाईंनी मात्र नजर हटवली नाही. "तेच सांगतेय," त्या म्हणाल्या. "हिला वर येऊ द्या."

आणि मी फुटले. दोघींवर. म्हटलं, "आई, तुम्हाला वाटतं मी याआधीचं घालवलं. आणि बाई, तुम्हाला हवंय की मी वर येऊन तळमजल्याला शिकवावं. पोट माझं आहे, ते काही तुमचा फळा नाही. मी कोणाच्या सांगण्यावरून वर येणार नाही आणि कोणाच्या सांगण्यावरून जप करणार नाही." एवढं बोलून मी घरात आले आणि रडले. खरं सांगायचं तर माझा ग्रहणावर विश्वास नव्हता, पण भीती होती. विश्वास नसला की भीती जाते असं कोणीतरी उगाच पसरवलंय. मूल पुन्हा गेलं तर मी त्या जिन्यातलं भांडण आठवून आठवून मेले असते, आणि मूल कसंही झालं तरी बोट माझ्याकडेच वळणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत बसले. जप केला नाही, नारळ मात्र ठेवला. तेवढी तडजोड सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून केली.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीसमोर रिकामा प्लॉट होता, दुपारनंतर ऊन सरळ आत यायचं. खिडकीला पातळ नायलॉनचा पडदा. सासूबाईंनी सकाळीच घरात धुंडाळून जाडजूड काळपट कापड काढलं आणि पडद्याच्या जागी चार खिळ्यांवर ताणून बसवलं. नवऱ्यानं कारखान्यातून आणलेला तो सॅम्पलचा तुकडा होता. ड्रेस मटेरियलचं जाड कापड, आणि त्यावर अंतराअंतरावर मशीननं पाडून कडेनं शिवलेली बारीक भोकं. कुठलं भोक गोल, कुठलं पाकळीसारखं लांबट. सकाळी त्या बाजूला ऊन नसतं, सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यांना भोकं दिसली नाहीत. मला दिसली होती, पण मी रुसलेले होते, बोलले नाही. आणि त्यातून काय होणार आहे ते मलाही कुठं माहीत होतं.

ऊन उतरलं तसे खोलीत कवडसे आले. खिडकीसमोरच्या भिंतीवर, भिंतीला लागून असलेल्या पलंगावर, आणि पलंगावर मी, तर माझ्यावर. कापडावरची भोकं नाना आकारांची होती, कवडसे मात्र सगळे गोल, रुपयाएवढे. सासूबाई दाराशी पाटावर बसून डोळे मिटून जप करत होत्या. मला झोप येत होती आणि झोपायचं नव्हतं, म्हणून मी कवडसे बघत बसले.

मग त्यातल्या एकाला कडेला दात लागला. मला वाटलं कापड सुरकुतलं. दुसरा पाहिला, त्यालाही त्याच बाजूनं. तिसरा, चौथा. सगळी भिंत. मी खाली पाहिलं तर माझ्या पोटावरच्या गाऊनवर पाच-सहा सूर्य, आणि प्रत्येकाचा एकेक घास गेलेला.

"आई," मी हाक मारली. मारायला नको होती.

त्यांनी डोळे उघडले. भिंत पाहिली, मला पाहिलं. आधी त्या खिडकीकडे धावल्या, मग कापड काढलं तर सगळंच ऊन आत येईल हे ध्यानात आलं असावं, तशा परत फिरल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवायला लागल्या. एक सूर्य झाकला की तो त्यांच्या हाताच्या पाठीवर दिसायचा, तसाच, कुरतडलेला. दुसरा झाकला की तोही हातावर. शेवटी त्या माझ्या आणि खिडकीच्या मधे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, हात पसरून. त्यांच्या पाठीवर ते सगळे सूर्य आणि माझ्यावर त्यांची सावली. तोंडानं नुसतं "मी करं, मी करं", मीच केलं, मीच केलं, असं चाललं होतं.

नवरा दारात आला, बघितलं, आणि नेहमीप्रमाणे दातखीळ. पण त्यानं आयुष्यातलं एक शहाणपणाचं काम त्या क्षणी केलं. तो वर धावला आणि बाईंना घेऊन आला.

बाई आल्या त्या डोक्यावर पुठ्ठ्याचा चष्मा चढवलेला, ओठ लाल, हाताला भज्यांचं तेल. मला वाटलं, आता जिंकल्याचं भाषण ऐकावं लागणार. बाई भिंतीकडे बघत राहिल्या. बघता बघता खाली फरशीवर बसल्या.

"जन्मभर मी पुठ्ठ्याला एक भोक पाडून शिकवलं," त्या म्हणाल्या. "एक. आणि ही अख्खी भिंत. पाहुण्या, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी कौतुकानं विचारलं होतं. सासूबाईंना तो आळ वाटला. त्या मटकन पलंगावर बसल्या आणि हुंदके देत म्हणाल्या, "हो, मीच केलं. मीच लावलं कापड. आता काही झालं तर माझ्यामुळे."

बाई फरशीवरून उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या कोणाला हात लावत नसत. त्यांनी सासूबाईंचा हात धरला, तो धरायचा कसा हे नीट माहीत नसल्यासारखा, मनगटाला.

"माझी आई हेच म्हणायची," बाई म्हणाल्या. "मीच केलं. ती पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. खरंच लागलं होतं, मी नंतर जुन्या पंचांगात पाहिलंय. आणि त्या वेळेला तिनं मेथी चिरली होती, तेही खरं. घरात खाणारी तोंडं होती. आणि माझा ओठ फाटका निघाला, तेही खरंच. तिन्ही खरं, पाहुण्या. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. हे मी शाळेत असल्यापासून तिला सांगत होते. मी विज्ञान शिकले ते तिला सांगता यावं म्हणून. मुलींना पटलं, पालकांना पटलं नाही तरी गप्प बसले. ती मात्र माझ्या ओठाकडे बघून शेवटपर्यंत म्हणायची, मेथी चिरली नसती तर. तसंच म्हणत गेली."

कवडसे आता भिंतीवर वर सरकले होते आणि बारीक झाले होते. सासूबाई त्या कवडशांकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मग राहू कुठं असतो?"

मी बाईंकडे पाहिलं. म्हटलं, आता सासूबाईंचं काही खरं नाही. पण बाईंनी नवऱ्याला खालून रिंग आणायला पिटाळलं. दोन कड्या कलत्या धरल्या आणि जिथं त्या एकमेकींना कापतात तिथं सासूबाईंचं बोट नेऊन ठेवलं.

"इथं. हा राहू. आणि समोरच्या बाजूला हा केतू. जुन्या लोकांनी नावं उगाच नाही दिली, त्यांना जागा बरोबर माहीत होती. राहू म्हणजे चार रस्ता आहे, पाहुण्या. दोन वाटा जिथं मिळतात ती जागा. चार रस्त्याला तोंड नसतं, तो काय गिळणार?"

सासूबाई कड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. पुन्हा त्या जोडावर आलं की थांबायच्या. बाहेर सूर्य चावलेलाच मावळला.

म्हणून त्या काही बदलल्या वगैरे नाहीत. ग्रहण सुटल्यावर मला डोक्यावरून आंघोळ घातली, उरलेला भात फेकला, माठ धुतला. मी विरोध केला नाही, आंघोळ हवीच होती. पण धुळ्याला परत जायचं त्यांनी रद्द केलं. बाळंतपण होईस्तोवर त्या राहिल्या आणि त्या दिवसांत मी त्यांना कधी गाढ झोपलेलं पाहिलं नाही. माझ्या पोटाकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. मला ती नजर ओळखीची होती. आदल्या खेपेनंतर मी आरशात तीच बघत होते. त्यांचा राग यायचा मला, पण त्या दिवसांत तो कमी झाला, हेही सांगितलं पाहिजे.

मुलगी झाली. धडधाकट, रडायला खणखणीत. सासूबाईंनी दवाखान्यातच बाईंचे हात धरले. "बाई, काही झालं नाही हो."

कोणी दुसरं असतं तर गोड हसलं असतं. बाईंच्या कपाळाला आठी. "काही झालं असतं तरी त्याचं कारण ते कापड नव्हतं. हे पटलं असेल तरच पेढा खाईन." सासूबाईंनी पेढ्याचा हात मागे घेतला. मला दोघींचं हसू आलं आणि टाके दुखले.

दोन दिवसांनी मुलीला न्हाऊ घालताना सासूबाईंना डाव्या कानाखाली डाग दिसला. चहाच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा. डॉक्टर म्हणाले, जन्मखूण आहे, कित्येक मुलांना असते, काही करायचं नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी आल्यापासून मुलीच्या डोक्याला कानावरून टोपडं बांधून ठेवलं. भर दुपारीसुद्धा. बाई बघायला आल्या, टोपडं सोडलं, डाग पाहिला. "छान आहे," म्हणाल्या. "हरवली तर ओळखता येईल." त्या गेल्या की टोपडं परत बांधलं जायचं.

बारशाला गावाकडची माणसं आली. नवऱ्याच्या आत्याबाई आल्या. त्यांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नाही, सासूबाई तर त्यांच्यापुढे कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. पाळण्याभोवती बायका, तळमजला सगळा हजर, बाई एका कोपऱ्यात स्टुलावर, ओठ नेहमीपेक्षा लाल. आत्याबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं आणि मान वळवून पाहिली. आत्याबाईंची नजर आधी डागावर, मग कोपऱ्यात बाईंच्या ओठावर, मग माझ्यावर.

"दिवाळीमां गराण व्हतं ना? तू काय करं व्हतं व, पोरी?"

उत्तर तयार होतं, चांगलं कडक होतं, बाईंच्या घरात राहून तेवढं शिकले होते. पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या. त्या हात जोडून वगैरे नाही, सरळ उभ्या होत्या.

"तिनं काही केलं नाही. ती खोलीत बसली होती. कापड मी लावलं, त्याला भोकं होती, ग्रहण हिच्या पोटावर पडलं, भिंतभर पडलं. मी डोळ्यांनी पाहिलं. विचारायचं तर मला विचारा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मीही काही केलं नाही. सावली होती ती. तिला दात नसतात."

सासूबाईंनी आत्याबाईंच्या मांडीवरून मुलीला उचललं, टोपडं तिथंच राहिलं, आणि बायकांमधून वाट काढत त्या कोपऱ्यातल्या स्टुलापाशी गेल्या. मुलगी बाईंच्या मांडीवर ठेवली. नाव कानात आधी सांगायचा मान आत्याबाईंचा होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं.

बाईंना मूल धरता येईना. एक हात डोक्याखाली, दुसरा कुठं ठेवावा कळेना. सासूबाई त्यांच्याकडे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्या आईनंही काही केलं नव्हतं."

बाईंचा तो लाल ओठ थरथरला, शिवणीपाशी जास्त. त्यांनी मुलीच्या डागावर बोट ठेवलं, तसंच राहू दिलं, आणि मान खाली घालूनच म्हणाल्या,

"परत सांगा. मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या ताठ झाल्या, पदर खोचला आणि खालच्या रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तुमनी मायनी काहीच करेल नव्हतं."